अमीनाबादच्या गल्लीत चाळीस लाखांची मोटरसायकल

ऐषारामी टूरिंग मोटरसायकल म्हणजे दोन माणसे आणि त्यांचे आठवडाभराचे सामान घेऊन दिवसाला पाच-सहाशे किलोमीटर जावे, आणि संध्याकाळी उतरताना कंबर-खांदे शाबूत असावेत, एवढ्याचसाठी घडवलेली गाडी. होंडाची गोल्ड विंग, बीएमडब्ल्यूची के 1600 जीटीएल, हार्ले-डेव्हिडसनची रोड ग्लाइड, इंडियनची रोडमास्टर ही या वर्गातली ठळक नावे. इंजिन 1600 सीसीच्या पुढे, वजन साडेतीनशे किलोच्या वर, पुढे वारा अडवणारी मोठी काच, मागे पाठ टेकवता येईल अशी सीट, दोन्ही बाजूंना आणि पाठीमागे कुलूपबंद डिक्क्या, क्रूझ कंट्रोल, गाणी, गरम होणाऱ्या मुठी. चारचाकीतले जे काही दोन चाकांवर आणता येईल ते सगळे आणायचे, असा एकूण बेत.

या गाड्या अमेरिकेतल्या रस्त्यांनी घडवल्या. 1956 च्या कायद्याने तिथे आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला घेतले आणि सरळ, रुंद, न थांबता जाता येईल अशी हजारो किलोमीटरची वाट तयार झाली. 1965 मध्ये हार्लेने बटणाने सुरू होणारी इलेक्ट्रा ग्लाइड आणली. होंडाने 1974 मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात पहिली गोल्ड विंग दाखवली, तेव्हा तिच्यावर काच नव्हती, डिक्क्याही नव्हत्या. होते ते 999 सीसीचे, पाण्याने थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन आणि साखळीऐवजी शाफ्ट. काच आणि डिक्क्या लोकांनीच बाजारातून आणून बसवल्या. गिऱ्हाईक काय मागते आहे हे ओळखून 1980 मध्ये कंपनीने कारखान्यातूनच सजवलेली आवृत्ती दिली. पुढे 1988 च्या मॉडेलला सहा सिलिंडर आणि मागे जायची सोय मिळाली, 2006 मध्ये एअरबॅग आली, 2018 मध्ये सगळी गाडी नव्याने बांधली गेली. आजची गोल्ड विंग 1833 सीसीची, सुमारे 125 अश्वशक्तीची आणि 390 किलोची आहे. रॉयल एनफील्डची क्लासिक 350 भरते 195 किलो. म्हणजे एका गोल्ड विंगमध्ये बरोबर दोन बुलेट.

भारतात या गाड्यांना दार उघडले ते आंब्याने, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी. परदेशी मोठ्या मोटरसायकली इथल्या प्रदूषण-नियमांच्या चौकटीत अडकल्या होत्या आणि भारतीय आंब्याला अमेरिकेची बंदी होती. 2007 मध्ये दोन्ही गाठी एकत्र सुटल्या. 800 सीसीपुढच्या, युरो 3 मानकाच्या गाड्यांना भारताने वाट दिली. तर नाशिकजवळच्या लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात किरणोत्सर्ग-प्रक्रिया केलेला आंबा अमेरिकेला निघाला. हापूसच्या बदल्यात हार्ले असा हा सौदा. (लखनौकर यावर म्हणतील, दशहरी का नाही? दशहरीचे मलिहाबाद त्यांच्या अगदी वेशीवर आहे.) हार्लेने 2010 पासून इथे विक्री सुरू केली, हरियाणातल्या बावलला जुळणी केली, आणि 2020 मध्ये तो कारभार गुंडाळून हिरो मोटोकॉर्पशी करार केला. मोठ्या मोटरसायकलींचा भारतातला बाजार किती बारीक आहे, हे या माघारीने पुरेसे सांगितले.

बाजार बारीक राहण्याचे पहिले कारण किंमत, आणि किमतीचे कारण कर. 2018 मध्ये आयात मोटरसायकलींवरचे सीमाशुल्क 50 टक्क्यांवर आणले गेले. 2025 च्या अर्थसंकल्पाने 1600 सीसीपुढच्या पूर्ण आयात गाड्यांवर ते 30 टक्के केले, आणि या वर्गाला वाटले की आता दिवस पालटले. त्याच वर्षी 22 सप्टेंबरला वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा कर 28 वरून 18 टक्के झाला. त्यापुढच्यांचा, उपकर धरून 31 होता तो, 40 टक्के झाला. एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले. 2025 मध्ये पन्नाशीनिमित्त आलेल्या गोल्ड विंगची गुरुग्राममधली शोरूम-किंमत 39 लाख 90 हजार रुपये होती. त्यावर राज्याचा रस्ता कर, विमा, हेल्मेट-जॅकेट-बूट. एवढ्या पैशांत उत्तम चारचाकी येते हा आक्षेप नेहमीचा आहे आणि तो खरा आहे, पण गैरलागू आहे. मोटरसायकलवरून जायचेच नसेल त्याच्यासाठी हा प्रश्न उद्भवत नाही. खरी तुलना दुसऱ्या मोटरसायकलींशी करायची, आणि ती करायला लखनौसारखी जागा शोधून सापडणार नाही. या शहरात गाडीच्या गुणांची उत्तम वाट आणि दोषांची उत्तम वाट यांच्यात पंधरा-वीस किलोमीटरांचेच अंतर आहे.

गुणांची वाट म्हणजे आग्रा-लखनौ एक्सप्रेसवे. नोव्हेंबर 2016 मध्ये उद्घाटन झालेला हा 302 किलोमीटरचा रस्ता शहराच्या पश्चिमेला सरोसा-भरोसा गावापाशी सुरू होतो. उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊजवळ तो इतका सरळ आणि भक्कम आहे की उद्घाटनालाच हवाई दलाची लढाऊ विमाने त्यावर उतरली होती. आग्र्याहून पुढे 165 किलोमीटरचा यमुना एक्सप्रेसवे ग्रेटर नोएडाला नेतो. पूर्वेकडे चांदसरायहून गाझीपूरच्या हैदरियापर्यंत 340 किलोमीटरचा पूर्वांचल एक्सप्रेसवे 2021 पासून खुला आहे. महत्त्वाचे म्हणजे या तिन्ही रस्त्यांवर दुचाकींना मज्जाव नाही. कारच्या निम्म्याच्या आसपास टोल भरायचा आणि निघायचे.

महाराष्ट्रात चित्र उलटे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग दुचाकीला बंद, वांद्रे-वरळी सागरी सेतू बंद, अटल सेतू बंद, आणि जून 2025 मध्ये शेवटचा टप्पा खुला होऊन 701 किलोमीटर पूर्ण झालेला समृद्धी महामार्गही बंद. चाळीस लाखांची गाडी घेतलेल्या पुणेकराला मुंबई गाठायची तर जुन्या महामार्गाने खोपोलीच्या घाटात ट्रकांमागे रांगावे लागते, तेव्हा आठ लाखांची मोटार शेजारच्या द्रुतगती मार्गाने सुखाने निघून जाते. दुचाकीस्वारांच्या जिवाची काळजी हे बंदीमागचे कारण असते आणि ते अगदीच पोकळ नाही. शंभर सीसीची गाडी वेगवान वाहनांच्या ओघात सापडली की काय होते ते सर्वांना माहीत आहे. पण नियम इंजिनाचा आकार पाहत नाही. ही गाडी ज्या रस्त्यासाठी जन्मली तो रस्ताच महाराष्ट्रात तिला मिळत नाही, आणि मराठी गिऱ्हाइकाने हा मुद्दा बाकी सगळ्याच्या आधी तपासायला हवा.

आग्र्याच्या वाटेवर तिचे गुण एकेक करून दिसू लागतात. पहिला गुण वाऱ्याचा. तासाला ऐंशीच्या वेगाने छातीवर आदळणारा वारा मान आणि खांदे हळूहळू मोडतो. लांबच्या प्रवासातला निम्मा शीण त्याचाच. मोठी काच तो डोक्यावरून काढून देते. मे-जूनमध्ये याचा एक अनपेक्षित फायदा होतो. उत्तर प्रदेशात लू सुटते तेव्हा हवा 42-44 अंशांवर, म्हणजे शरीराहून तापलेली असते. अशा वेळी अंगावर येणारा वारा गार करण्याऐवजी भाजून काढतो आणि पाणी सुकवतो. उघड्या गाडीवरचा स्वार तेव्हा मुद्दाम लांब बाह्यांचे जॅकेट चढवतो, कानाला रुमाल बांधतो. काचेआडच्या स्वाराला हा मार कमी बसतो. जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो तेव्हा गरम मुठी आणि गरम सीट ही चैन वाटत नाही. धुक्यावर मात्र कोणाकडेच उपाय नाही. हिवाळ्यात या एक्सप्रेसवेंवर वेगमर्यादाच खाली आणली जाते. पहाटेच्या दाट धुक्यात महाग गाडी आणि स्वस्त गाडी सारख्याच आंधळ्या, आणि मागून येणाऱ्या ट्रकला तर दोन्ही दिसत नाहीत.

दुसरा गुण मागे बसणाऱ्याचा. भारतीय मोटरसायकलींवर मागच्या माणसाला नेहमीच पाहुण्यासारखे नव्हे, ओझ्यासारखे वागवले गेले आहे. चार बोटे रुंद सीट, वर उचललेले पाय, पकडायला एक दांडी. गोल्ड विंग टूरच्या मागच्या आसनाला पाठ आहे, हात ठेवायला जागा आहे, पाय टेकवायला रुंद पट्टी आहे. नवरा-बायको मिळून फिरणाऱ्यांना ही गाडी हवी असण्याचे खरे कारण बहुधा हेच असते, आणि खरेदीचा निर्णय अनेकदा मागच्या सीटवरच होतो. तीन डिक्क्या मिळून 121 लिटर सामान मावते: दोघांचे आठवड्याचे कपडे, पावसाळी कोट, हवा भरायचा छोटा पंप, आणि परतताना चिकनकारीचे दोन-चार कुर्ते. पेट्रोलची टाकी 21 लिटरची. लिटरला अठराच्या आसपास धरले तर लखनौहून आग्रा एका टाकीत होते. शाफ्टमुळे साखळीला तेल घालणे, ती ताणणे, धुळीत ती खराब होणे, हा सगळा व्याप नाही. चाकातली हवा डोळ्यांसमोरच्या पडद्यावर दिसते, आणि यमुना एक्सप्रेसवेच्या तापलेल्या काँक्रीटवर, जिथे टायर फुटून अपघात होतात, ही सोय गाण्यांपेक्षा लाखमोलाची.

एवढे झाल्यावर कायदा आडवा येतो. केंद्राच्या एप्रिल 2018 च्या अधिसूचनेनुसार मोटरसायकलची कमाल वेगमर्यादा एक्सप्रेसवेवरही ताशी 80 किलोमीटर आहे. त्याच रस्त्यावर मोटारीला 120 पर्यंत मुभा देणारी हीच अधिसूचना. म्हणजे 125 किंवा 160 अश्वशक्तीचे सहा सिलिंडर कायद्याच्या कक्षेत राहून जेमतेम जागे होतात. 302 किलोमीटरला पावणेचार तास लागतात, ते गोल्ड विंगला लागतात तसे चारशे सीसीच्या गाडीलाही लागतात. वेग हा या गाडीचा फायदा म्हणून मोजायचाच असेल तर तो नियम मोडून मोजावा लागतो. ऐंशीच्या वेगात उरतो तो फक्त आराम. आरामाची किंमत चाळीस लाख आहे, हे मनाशी पक्के झाले की पुढचा हिशेब सोपा जातो.

दोषांची वाट लखनौतल्याच अमीनाबादची. अवधचे नवाब अमजद अली शाह यांचे वजीर इमदाद हुसेन खान अमीनुद्दौला यांच्या नावाने वसलेला हा बाजार एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा आहे, आणि त्याच्या गल्ल्या पायी माणूस, पालखी आणि टांगा यांच्या मापाच्या आहेत. बांगड्या आणि खोट्या दागिन्यांचा गडबडझाला, नझीराबादची चिकनकारीची दुकाने, टुंडेचे कबाब, प्रकाशची कुल्फी, झंडेवाला पार्क. आणि या सगळ्यांच्या मधून ई-रिक्षा, हातगाड्या, पथारीवाले, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल. गुरुवारी पक्की दुकाने बंद असतात तर रस्त्यावरच बाजार भरतो, म्हणजे तोही दिवस मोकळा नाही. अशा गल्लीत अडीच मीटरहून लांब आणि जवळजवळ नव्वद सेंटिमीटर रुंद गाडी घातली की तिचा प्रत्येक गुण उलटतो.

लांबच्या वाटेला स्थैर्य देणारा चाकांमधला 1695 मिलिमीटरचा पल्ला नझीराबादच्या कोपऱ्यावर वळताना नडतो. गाडी एका दमात वळत नाही. पुढे-मागे करत वळवावी लागते. समोरून ई-रिक्षा येते, मागे दुसरी उभी असते, बाजूला कुर्त्यांचा ठेला. दुचाकीवरून येणारा दुसरा कोणीही अशा वेळी पाय टेकवून गाडी ढकलत मागे घेतो. 390 किलो ढकलले जात नाहीत. मागे जायचे बटण दाबावे लागते, गाडी मुंगीच्या चालीने सरकते आणि भोवती पंधरा माणसे गोळा होऊन मोबाइल उचलतात. इंजिन आडवे आणि खाली बसवलेले असल्याने गाडीचा तोल वजनाच्या मानाने चांगला आहे, सीटही 745 मिलिमीटरची म्हणजे बुटकी आहे, दोन्ही पाय जमिनीला पोचतात. पण एकदा कलली की कलली. एकट्या माणसाने सावरायचा प्रश्नच नाही. थांबत-थांबत चालताना पंखा सुरू होतो आणि सहा सिलिंडरांची धग मांड्यांपाशी साचते. ठेल्याची कड काचेखालच्या रंगीत पॅनेलला नुसती घासली तरी नवे पॅनेल मागवावे लागते. गाडी उभी करायची तर आणखी पंचाईत. मे महिन्यात डांबर मऊ पडलेले असते, बाजूच्या स्टँडचा इवलासा तळवा त्यात रुततो. म्हणून जाणता स्वार खिशात लोखंडाची किंवा लाकडाची चपटी चकती बाळगतो आणि ती स्टँडखाली सारतो.

जमिनीपासून पोटापर्यंतची उंची अवघी 130 मिलिमीटर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. तसा असेल तर ही गाडी विनातक्रार जाते. मोहल्ल्यातल्या लोकांनी रात्रीतून सिमेंट ओतून केलेला उंचवटा ना त्या उंचीचा असतो ना त्या उताराचा. लांब गाडीची पुढची-मागची चाके त्याच्या दोन बाजूंना गेली की पोट घासते. क्लासिक 350 ची उंची 170 मिलिमीटर आहे, तिला हा त्रास नाही. हार्ले आणि इंडियन यांचीही गत गोल्ड विंगसारखीच, कारण सगळ्यांचा बेत सपाट रस्त्याचा.

अमीनाबादसारख्या जुन्या वस्तीत घर दुकानाच्या माथ्यावर असते आणि वर जायचा जिना माणसापुरता. गाडी रात्री ठेवायची कुठे? झंडेवाला पार्कापाशी महापालिकेचे वाहनतळ आहे, पण चाळीस लाखांची वस्तू तिथे रोज रात्री सोडून झोप लागणारा मालक विरळा.

देखभालीबद्दल थोडक्यात. जवळच्या लालबागेत गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे आणि तिथला मिस्त्री बुलेट डोळे मिटून उघडतो. या गाडीला त्याचा उपयोग नाही. तिला कंपनीचे निदान-यंत्र, प्रशिक्षित माणूस आणि आयात होणारा सुटा भाग लागतो. मागचे टायर 200 मिलिमीटर रुंदीचे, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे नव्हे. गाझीपूरच्या अलीकडे कुठे पंक्चर झाले तर दुरुस्तीचे साहित्य स्वतःजवळ हवे, कारण टेम्पोत ही गाडी चढवायलाही चार माणसे आणि फळी लागते. जुनी आयात गाडी घेणाऱ्याने आणखी एक पाहावे: पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि त्या गाडीला इथेनॉलचे किती प्रमाण चालते ते तिच्या मालक-पुस्तिकेत छापलेले असते. पुनर्विक्रीत गिऱ्हाईक थोडे आणि घासाघीस फार.

मग पर्याय कोणते? बीएमडब्ल्यूची आर 1300 जीएस 237 किलोची आहे, उंच आहे, शाफ्टही आहे, आणि खराब रस्त्याला डरत नाही. मागे बसणाऱ्याचा आराम मात्र त्या तोडीचा नाही. रॉयल एनफील्डची सुपर मीटिओर 650 ही 241 किलोची गाडी काच आणि मागची पाठ बसवून घेतली तर ऐंशीच्या वेगात दोघांना आग्र्याला आरामात नेते. हिमालयन 450 ची जमिनीपासूनची उंची 230 मिलिमीटर, किंमत तीन-साडेतीन लाखांच्या घरात. गल्ली, घाट आणि महामार्ग तिन्ही तिला चालतात. चाकणला बनणारी बजाजची डॉमिनार 400 डिसेंबर 2016 मध्ये आली आणि पुढे काच, सामानाचा कॅरिअर, हाताची कवचे असा प्रवासी साज कारखान्यातूनच चढवून मिळू लागली. म्हणजे 1980 मध्ये होंडाने अमेरिकेत केले तेच, इथल्या खिशाला आणि इथल्या वेगमर्यादेला धरून. या गाड्यांवर सहाशे किलोमीटरनंतर पाठ दुखते हे खरे. ते दुखणे दोन तासांनी थांबून, चहा घेऊन बरेच कमी होते हेही खरे.

ऐषारामी टूरिंग गाडी कोणी घ्यावी, याचे उत्तर त्यामुळे बरेच अरुंद निघते. घराला फाटक आणि सावलीतली बंदिस्त जागा आहे, घर शहीद पथ किंवा किसान पथाच्या अंगाला म्हणजे एक्सप्रेसवेच्या वाटेवर आहे, मागे बसणारे माणूस कायमचे आणि हौशी आहे, शहरात फिरायला दुसरी गाडी आहे, आणि वर्षाकाठी आठ-दहा हजार किलोमीटर महामार्गावरच व्हायचे आहेत, अशा माणसाला या वर्गात गोल्ड विंग सर्वांत समंजस निवड ठरते: वजनाच्या मानाने तोल सोपा, गियर आपोआप बदलणारी आवृत्ती उपलब्ध, मागे घ्यायची सोय. यातली एखादी अट सुटत असेल तर 650 सीसीची गाडी घेऊन उरलेले पैसे राखून ठेवावेत. अमीनाबादेत राहणाऱ्याने मात्र हा विचारच करू नये. आणि अटी पुऱ्या होणाऱ्यानेही पैसे भरण्याआधी जोडीदाराला मागे बसवून गाडी एकदा महामार्गावर आणि एकदा भर बाजारात, मे महिन्याच्या दुपारी, चालवून पाहावी.